आईबाबांची लँडलाइन काढून फायबरवरचा फोन घ्यावा का? (नंबर तोच राहायला हवा)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीला आईबाबांच्या घरी लँडलाइन आहे, मी शाळेत असताना आलेली. गेल्या पावसाळ्याच्या आधी गल्लीत ड्रेनेजसाठी रस्ता खोदला त्यात केबल तुटली, मग जोडली, मग जोडात पाणी गेलं, परत जोडली, आणि आता अशी अवस्था आहे की फोनवर नुसती खरखर, समोरच्याला ओरडून बोलावं लागतं आणि जरा पाऊस झाला की डेड. लाइनमन फार चांगला माणूस आहे, कळवलं की येतो, पण परवा त्यानेच बाबांना सांगितलं, "काका, कुठवर जोडत बसायचं, केबलीपेक्षा जोडच जास्त झालेत, फायबर घेऊन टाका, फोन त्याच्यावरनंच चालतोय आता."

बाबा ७८ वर्षांचे, हात थरथरतात त्यामुळे टचस्क्रीन त्यांना जमत नाही, मोठ्या बटणांचा फोन आहे त्यावर ते अगदी व्यवस्थित बोलतात. आईला मोबाइल येतो पण घर जुनं आहे, जाड भिंती, मधल्या खोलीत रेंज येत नाही. मी पुण्यात, भाऊ बेंगळुरूला. आमचे प्रश्न असे, की नंबर तोच राहील का, लाइट गेल्यावर फोन चालेल का (आत्ताचा चालतो, २०१९ च्या पुरात आजूबाजूची लाइट बंद असताना तोच एक फोन चालू होता), जुनीच इन्स्ट्रुमेंटं वापरता येतील का, आणि एकूण हे करावं की करू नये.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तक्रारीचा धागा करायचा नाहीये. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पाऊसवेडा

सरळ काढून टाका. मोबाइलच्या जमान्यात लँडलाइन कोण वापरतं? आमच्याकडे काढली, काही अडलं नाही. दर महिन्याचं भाडं वाचलं, वर ते क्रेडिट कार्डवाले फोन बंद झाले.

कृष्णाकाठ

@पाऊसवेडा, तुमच्याकडे नसेल अडलं पण बाबांचं अडतं म्हणूनच विचारतेय. त्यांचे दोन मित्र आहेत, तेही त्याच वयाचे, रोज संध्याकाळी फोन करतात. तो फोन बंद पडला की त्यांचा दिवसच जात नाही. मोबाइल घेऊन दिला होता, कॉल घ्यायला ते हिरवं बटण सरकवावं लागतं ना, तेच होत नाही त्यांच्याकडून.

निवृत्त_टेक्निशियन

कृष्णाकाठ ताई, मी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालो, आयुष्य याच कामात गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

तांब्याच्या लाइनवर फोन लाइट गेल्यावरही का चालतो हे आधी समजून घ्या, म्हणजे फायबरवर काय बदलतं ते आपोआप कळेल. तुमच्या घरी येणाऱ्या त्या दोन तारांतून एक्स्चेंज ४८ व्होल्ट डीसी पाठवत असतं. तुम्ही रिसीव्हर उचललात की सर्किट पूर्ण होतं, करंट वाहायला लागतो, एक्स्चेंजला कळतं की माणसाने फोन उचललाय आणि तिकडून डायल टोन येतो. घंटी वाजवायला साधारण ७५ व्होल्टचा एसी तिकडूनच सोडतात. म्हणजे तुमच्या फोनला घरातली वीज लागतच नव्हती, सगळी वीज एक्स्चेंजची. आणि एक्स्चेंजमध्ये बॅटरी रूम असते, माणसाच्या कमरेएवढ्या बॅटऱ्यांच्या रांगा, त्यांना डिझेल जनरेटरचा आधार. म्हणून गाव अंधारात असलं तरी फोन चालू.

फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. तेव्हा घरी भिंतीवर जो डबा बसवतात, त्याला ओएनटी म्हणतात, तोच आता तुमचं छोटं एक्स्चेंज. त्याच्या मागे इंटरनेटचे पोर्ट असतात आणि एक किंवा दोन छोटे पोर्ट फोनचे, त्यावर बहुतेक वेळा टेल किंवा फोन असं लिहिलेलं असतं. डायल टोन, घंटी, ४८ व्होल्ट, सगळं तो डबा घरातल्या विजेवर तयार करतो. डब्याची वीज गेली की फोन गेला. इतका साधा फरक आहे.

आता उपाय. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, लिथियम बॅटरीवाला, हजार-दीड हजारात. ओएनटीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघून त्याच रेटिंगचा घ्यायचा. किती चालेल याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. समजा यूपीएसवर ८८०० एमएएच लिहिलंय, तर ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. ओएनटी ८ ते १० वॉट खातो. थोडी वीज वाया जाते ती धरली तर तीन तास धरा. जाहिरातीत आठ-आठ तास लिहितात त्यावर जाऊ नका.

वऱ्हाडी_ठेचा

काका एकदम बरोबर बोलले. मी नागपूरहून. आमच्याकडे घरात इन्व्हर्टर आहे तर मी म्हटलं यूपीएस कायले पाहिजे, ओएनटीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. पण होते काय भाऊ, लाइट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायला जो एक झटका लागते ना तेवढ्यात तो डबा बंद होऊन परत सुरू होते, आणि त्याला पूर्ण उठून फोन लागेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट जाऊन राहिली तर चार वेळा तसंच. शेवटी इन्व्हर्टरच्या लाइनवरच मिनी यूपीएस लावला, आता डब्याला कळतही नाही लाइट गेली म्हणून.

रानमेवा

अजून एक गोष्ट कोणी लिहिली नाही. तुमच्या घरातला डबा चालू असून उपयोग नाही, समोरच्या टोकालाही वीज पाहिजे. आमच्याकडे (रत्नागिरी जिल्हा) फायबर स्थानिक केबलवाल्यामार्फत आलंय, त्याचं मशीन बाजारपेठेत एका दुकानाच्या माळ्यावर आहे. त्याच्या इन्व्हर्टरची बॅटरी संपली की अख्ख्या वाडीचं नेट आणि फोन बंद. वादळात तीन-तीन दिवस लाइट नसते तेव्हा माझा यूपीएस काय करणार?

निवृत्त_टेक्निशियन

रानमेवा, अगदी महत्त्वाचं लिहिलंत. मधल्या रस्त्यात काही लागत नाही, खांबावर जो स्प्लिटर असतो तो एका फायबरचा उजेड ३२ किंवा ६४ घरांना वाटून देतो, त्याला वीज नको. पण शेवटी ज्या मशीनवर ते फायबर जातं, त्याला ओएलटी म्हणतात, ते कुठे ठेवलंय यावर सगळं आहे. एक्स्चेंजच्या इमारतीत असेल तर त्याच जुन्या बॅटऱ्या आणि जनरेटरवर चालतं आणि तुमचा फोन जवळजवळ पूर्वीइतकाच भरवशाचा राहतो. कोणाच्या गाळ्यात असेल तर त्याच्या इन्व्हर्टरइतकाच. म्हणून कनेक्शन घेताना स्पीड किती हे सगळे विचारतात, तुम्ही हे विचारा की ओएलटी कुठे आहे आणि त्याला बॅकअप काय आहे. सांगलीसारख्या शहरात एक्स्चेंजमधून मिळण्याची शक्यता चांगली आहे.

कृष्णाकाठ

हे खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद दोघांनाही. लाइनमनलाच विचारते. नंबरचं काय? दुसऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला, त्यांचं फायबर स्वस्त आहे आणि तो म्हणतो नंबर पोर्ट करून देतो.

अभ्यासू_मांजर

थांबा थांबा, नंबर पोर्ट होत नाही. आपल्याकडे नंबर पोर्टेबिलिटी २० जानेवारी २०११ ला देशभर सुरू झाली ती फक्त मोबाइलची. लँडलाइनचा नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. एक तर त्या माणसाला माहिती नाही किंवा टार्गेट पूर्ण करायचंय. दुसरी कंपनी तुम्हाला ०२३३ चाच पण नवा नंबर देईल.

नंबर तोच हवा असेल तर मार्ग एकच, आत्ता ज्या कंपनीची लाइन आहे त्याच कंपनीकडे कॉपरवरून फायबरवर कन्व्हर्जनचा अर्ज करायचा. अर्जात स्पष्ट लिहायचं की सध्याचाच नंबर फायबरवर चालू ठेवावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनं कनेक्शन सरेंडर करून मग नवीन घ्यायला जाऊ नका. सरेंडर केलं की नंबर गेला, मग तो परत मिळेलच याची कोणी खात्री देत नाही.

सातासमुद्रापार

इकडे अमेरिकेत (न्यू जर्सी) उलट आहे. इथे लँडलाइनचा नंबर इंटरनेट फोन कंपनीकडे नेता येतो, २००७ पासून तसा नियमच आहे. आम्ही घरचा नंबर असाच नेला, एक छोटा अडॅप्टर घेतला, तो राउटरला जोडायचा आणि त्यात जुना फोन. पण सावधगिरी तीच. पोर्ट पूर्ण झाल्याचा ईमेल येईपर्यंत जुनी सर्व्हिस बंद करायची नाही, बंद केली तर नंबर हवेत जातो. आमच्या ओळखीच्या एका काकूंचा तीस वर्षं वापरलेला नंबर असाच गेला, मुलाने उत्साहात आधीच फोन करून जुनं खातं बंद केलं.

दुसरं म्हणजे ९११, इथला इमर्जन्सीचा नंबर. तांब्याच्या लाइनवरून फोन केला की पत्ता आपोआप पोलिसांकडे जायचा. इंटरनेट फोनवर तुम्ही खात्यात जो पत्ता भरलाय तोच जातो. घर बदललं, अडॅप्टर उचलून नव्या घरी लावला आणि पत्ता बदलायचा राहिला तर अ‍ॅम्ब्युलन्स जुन्या घरी. आणि गूगल व्हॉइस फुकट आहे म्हणून बरेच देसी लोक त्यावर जातात, पण त्याच्या साध्या घरगुती खात्यावरून ९११ लागत नाही. घरी म्हातारी माणसं असतील तर मी ते एकमेव फोन म्हणून ठेवणार नाही.

थेम्सपलीकडे

इंग्लंडमधून लिहितेय. इथे तर निवड उरलीच नाहीये, सगळ्या देशाचं तांब्यावरचं जुनं टेलिफोन नेटवर्कच बंद होतंय. आधी डिसेंबर २०२५ ठरलं होतं, ते पुढे ढकलून ३१ जानेवारी २०२७ केलं. जुन्या पद्धतीची नवी कनेक्शनं तर सप्टेंबर २०२३ पासूनच बंद. फोनची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढून राउटरच्या मागे लावायची, झालं.

पण पुढे ढकलायचं मुख्य कारण आपल्या धाग्याशी जुळणारं आहे. इथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक बटण असतं, पडलं-झडलं तर ते दाबायचं की मदत केंद्राला फोन जातो. ती यंत्रं तांब्याच्या लाइनवर बसवलेली. इंटरनेटवर फोन गेल्यावर काही ठिकाणी ती चाललीच नाहीत, लोकांच्या जिवाशी खेळ झाला, मग २०२३ च्या शेवटी सरकारने कंपन्यांना अशा घरांची जबरदस्तीची बदली थांबवायला लावली. आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही किंवा घरात रेंज नाही त्यांना लाइट गेल्यावर किमान एक तास इमर्जन्सी फोन करता येईल अशी सोय कंपनीने करून द्यायची असा नियामकाचा नियम आहे. एक तास म्हणजे काहीच नाही असं माझं मत. माझ्या सासूबाईंकडे मी स्वतःचा मोठा यूपीएस लावून दिलाय.

पाऊसवेडा

हे सगळं वाचून प्रामाणिक प्रश्न, वाय-फाय कॉलिंग का नाही? मोबाइलला घरात रेंज नसेल तर वाय-फायवरून साधा कॉल लागतो, वेगळं अ‍ॅप नको, पैसे जास्त नाहीत. आपल्याकडे २०१९-२० पासून मोठ्या कंपन्यांनी दिलंय. आणि बाबांसाठी तो टेबलावर ठेवायचा सिमवाला फोन मिळतो, दिसायला अगदी लँडलाइन, मोठी बटणं, आत सिमकार्ड आणि बॅटरी. लाइट गेली तरी चालतो.

अभ्यासू_मांजर

@पाऊसवेडा, आईंसाठी वाय-फाय कॉलिंग उत्तम. सिमवाला फोन पण चांगला पर्याय आहे, फक्त दोन गोष्टी बघायच्या. त्यातले बरेच स्वस्त फोन टूजी आहेत, त्यात फक्त फोरजीवर चालणारं सिम चालत नाही, तेव्हा फोरजी व्होल्टीवालाच (फोरजीवरूनच कॉल लावणारा) घ्या. आणि त्यांच्या मधल्या खोलीत रेंज नाही म्हणाल्यात, मग तो खिडकीपाशी ठेवावा लागणार. नंबर बदलणार तो वेगळाच.

निवृत्त_टेक्निशियन

आता घरातल्या वायरिंगबद्दल, कारण इथेच डबे जळतात.

तुमच्या घरी बाहेरून केबल येऊन भिंतीवर एक छोटी पांढरी डबी असेल, रोझेट. तिथून हॉलमध्ये, आतल्या खोलीत अशा पॅरलल वायरी गेलेल्या असणार. फायबर आल्यावर ओएनटीच्या फोन पोर्टमधून एक वायर काढून त्याच रोझेटला जोडली की घरातले सगळे जुने पॉइंट चालू होतात, नवीन वायरिंग नको. पण त्याआधी बाहेरून आलेली जोडी रोझेटमधून काढायची. झाकण उघडा, दोन स्क्रू दिसतील, त्यावर घरातल्या वायरी आणि बाहेरची जोडी एकत्र आवळलेली असते. बाहेरच्या केबलला जरा चिकट तुपासारखा लगदा लागलेला असेल, ती जेली, पाणी आत जाऊ नये म्हणून केबलमध्ये भरतात, त्यावरून ओळखू येते. ती जोडी सोडवून दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळून बाजूला करायची. ती तशीच राहिली आणि एक्स्चेंजकडून त्यावर अजून ४८ व्होल्ट येत असतील, किंवा घंटीचे ७५ आले, तर ओएनटीचा पोर्ट गेलाच समजा. वीज पडली तर ती त्याच तारेने घरात येते हेही आहेच. फायबरवर ती भीती नाही, काच वीज वाहून नेत नाही, फक्त अडॅप्टरच्या बाजूने सांभाळा.

अजून एक. एक्स्चेंजच्या लाइनवर चार-पाच फोन पॅरलल लावले तरी घंट्या वाजायच्या. ओएनटीच्या पोर्टमध्ये तेवढा दम नसतो. दोन, फार तर तीन इन्स्ट्रुमेंटं ठेवा. जास्त खोल्यांत हवा असेल तर कॉर्डलेसचा जोड घ्या, बेस एकच पोर्टला, बाकीचे हँडसेट बिनतारी. पण कॉर्डलेसच्या बेसलाही वीज लागते, तेव्हा तारेचा एक साधा फोन कायम लावलेला असू द्या.

आजीचा_नातू

काका एक विचारू का, आमच्याकडे आजोबांचा काळा डायल फिरवायचा फोन आहे, चालू स्थितीत. तो फायबरवर चालेल का?

निवृत्त_टेक्निशियन

घंटी वाजेल, बोलणंही होईल. फिरवून नंबर लावता येईलच असं नाही. डायल फिरवल्यावर तो लाइन तोडत-जोडत जातो, पाच फिरवलं की पाच वेळा, त्याला पल्स डायलिंग म्हणतात. बऱ्याच ओएनटींना फक्त बटणाचे टोन कळतात. पल्सचं टोनमध्ये रूपांतर करणारी छोटी सर्किटं मिळतात, हौस असेल तर लावा. फोन मात्र जपा, असली घंटी आता ऐकायला मिळत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

आवाजाचं पण लिहून ठेवतो. लोक म्हणतात इंटरनेटचा फोन म्हणजे आवाज तुटते. व्हॉट्सअ‍ॅप कॉल तुटते म्हणून तसं वाटते. पण फायबरवाल्या कंपनीचा स्वतःचा जो फोन असते तो तुमच्या नेटमध्ये मिसळत नाही, त्याला त्याच फायबरमध्ये वेगळी लेन देतात. पोरं वर क्रिकेट पाहून राहिले, खाली बाबूजी फोनवर बोलून राहिले, काही फरक नाही. तसंही एका कॉलला शंभर केबीपीएसच्या आतच लागते. खरखर तर शून्य. माझ्या बाबूजींनी पहिल्या दिवशी दोनदा विचारलं, फोन चालू आहे ना, कारण मागे काही आवाजच येत नव्हता.

कृष्णाकाठ

खर्चाचं सांगा कोणीतरी. बाबांचं म्हणणं, आम्हाला इंटरनेट नकोच आहे तर त्याचे पैसे का भरायचे?

रानमेवा

ते म्हणतात त्यात तथ्य आहे. फायबरचा लहानातला लहान प्लॅन चारशे-पाचशेच्या घरात आणि वर १८ टक्के जीएसटी. नुसत्या फोनसाठी हे जास्तच. पण त्यात भारतभर बोलणं बहुतेक अनलिमिटेड असतं, आईंना वाय-फाय मिळतं, टीव्हीवर कीर्तनं, नाटकं लागतात (आमची आई सकाळी भजनं लावते), तर एकूण हिशेब जमतो.

एक मात्र लक्षात ठेवा, प्लॅन प्रीपेड असेल आणि रिचार्ज संपला तर नेटबरोबर फोनही बंद पडतो. जुन्या लाइनचं बिल थकलं तरी थोडे दिवस इनकमिंग चालू असायचं. म्हणून पोस्टपेड घ्या किंवा वर्षाचे पैसे एकदम भरा, आणि बिलाचा मेसेज तुमच्या मोबाइलवर येईल असं करा.

अभ्यासू_मांजर

कागदपत्रांचंही. लँडलाइनचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून आधार, पासपोर्टला चालतं. बिल बाबांच्या नावावरच राहू द्या, सोयीसाठी तुमच्या नावावर फायबर घेतलंत तर त्यांच्या हातचा एक पुरावा जाईल. आणि जुन्या लाइनचं डिपॉझिट असतं, पावती सापडली तर काढून ठेवा, कन्व्हर्जनमध्ये ते नव्या खात्यात वळतं की परत मिळतं ते ऑफिसात लेखी विचारा.

ज्यांना कंपनी बदलायचीच आहे त्यांच्यासाठी एक युक्ती सांगते. जुना नंबर लगेच सोडू नका, त्यावर कॉल फॉरवर्डिंग लावून घ्या नव्या नंबरवर. फॉरवर्डिंग एक्स्चेंजमध्येच होतं, त्यामुळे तुमच्या घरची तार तुटलेली असली तरी चालतं. घरून कोड दाबता येत नसेल तर ऑफिसात अर्ज देऊन लावून मिळतं. फॉरवर्ड झालेल्या कॉलचे पैसे तुमच्या बिलात येतात एवढं लक्षात ठेवा. तेवढ्या काळात गॅस एजन्सी, बँक, एलआयसी, पेन्शन, दवाखाना, नातेवाईक सगळीकडे नवा नंबर कळवायचा.

सातासमुद्रापार

आणि प्लीज कोणी इथून अमेरिकेतला अडॅप्टर भारतात नेऊन आईबाबांच्या घरी लावून त्यावरून भारतातलेच फोन करायची युक्ती सांगू नका, दर वर्षी कोणीतरी सांगतं. भारतात २००२ मध्ये इंटरनेटवरून फोन करायला परवानगी मिळाली ती कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर आणि परदेशातल्या फोनवर करण्यापुरती. भारतातल्या फोनवर इंटरनेटवरून कॉल द्यायचा तर तिथलं लायसन्स असलेली कंपनीच पाहिजे. म्हाताऱ्या माणसांच्या घरी कायद्याच्या कडेकडेने चालणारी गोष्ट कशाला.

कृष्णाकाठ

अपडेट देते, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

त्याच कंपनीकडे कन्व्हर्जनचा अर्ज दिला, "सध्याचाच नंबर कायम ठेवावा" हे वाक्य अर्जात लिहिलं आणि पोचवर शिक्का घेतला. ओएलटी एक्स्चेंजच्या इमारतीतच आहे, लाइनमनने खात्रीने सांगितलं. फायबर ओढायला आलेली दोन मुलं वीस-बावीस वर्षांची, चप्पल काढून आत आली, बाबांनी त्यांना आधी चहा दिला आणि मग शेजारी खुर्ची टाकून बसले. त्या मुलाने केसापेक्षा जरा जाड अशी ती काचेची तार सोलली, कापली, एका छोट्या मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवली, स्क्रीनवर ती मोठी दिसत होती, एक ठिणगी उडाली आणि जोड झाला. बाबा म्हणाले, "याच्यात पाणी जाणार का?" तो म्हणाला, "काच हाय आजोबा, गंजत न्हाय."

नेट त्याच दिवशी सुरू झालं पण फोन नाही. डब्यावर फोनचा दिवाच लागेना. मी घाबरलेच, कारण जुन्या लाइनवरही टोन बंद झाला होता. एक्स्चेंजमध्ये जाऊन विचारलं तर कळलं, नंबर तिकडे फायबरवर टाकलाय पण डब्यात त्या नंबरचा सिप पासवर्ड (इंटरनेटवरचा फोन सुरू करायला लागतो तो) भरायचा राहिलाय. तो भरल्यावर दिवा लागला आणि फोन केला तर वाजला. तेव्हा ज्यांना हे करायचंय त्यांनी नेट चालू झालं म्हणून त्या मुलांना जाऊ देऊ नका, त्यांच्यासमोर एक फोन करून आणि एक घेऊन बघा.

रोझेटमधली बाहेरची जोडी काकांनी सांगितलं तशी सोडवून घेतली, जेली अगदी तशीच निघाली. हॉल, आतली खोली आणि माडीवर असे तीन फोन होते, तिन्ही लावल्यावर घंटी मरगळली, माडीवरचा काढला, आता दोन्ही खणखणीत वाजतात. मिनी यूपीएस लावलाय. परवा सकाळी महावितरणची मेंटेनन्सची लाइट गेली होती, आईने मुद्दाम मला फोन करून बघितलं, लागला.

एकच अडचण आहे. बाबांच्या फोनवर आलेला नंबर दिसायचा, आता दिसत नाही.

निवृत्त_टेक्निशियन

वा, छान झालं. कॉलर आयडी पाठवायच्या दोन पद्धती आहेत, एक टोनची आणि दुसरी एफएसके नावाची. आपल्या जुन्या एक्स्चेंजवर बरेच ठिकाणी टोनची असायची, फोनही त्याच हिशेबाने घेतलेला असणार. ओएनटीच्या व्हॉइस सेटिंगमध्ये पद्धत बदलता येते, लाइनमनला सांगा, लॉगिन त्यांच्याकडे असतं. नाही जमलं तर दोन्ही पद्धती ओळखणारा फोन घ्या, मोठ्या बटणांचाही मिळतो.

आणि बाबांच्या फोनमध्ये नावं साठवलेली असतील तर एकदा तपासा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावावा लागतो. नवा फोन घेतलात तर नंबर भरताना तुमच्या आणि भावाच्या नंबराआधी शून्य घाला.

आजीचा_नातू

काका, आमच्या सोसायटीत (फोंडा) हेच करायचं चाललंय. लिफ्टमध्ये इमर्जन्सी फोन आहे आणि तो सोसायटीच्या लँडलाइनवर आहे. कमिटी म्हणते लँडलाइन बंद करून फायबर घेऊ. लिफ्टचं काय करायचं?

निवृत्त_टेक्निशियन

बहुतेक वेळा लाइट गेल्यावरच लिफ्ट अडकते, म्हणजे तो फोन नेमका तेव्हाच चालला पाहिजे. ओएनटी मीटर रूममध्ये लावा, त्याला घरगुती मिनी यूपीएस न लावता मोठा यूपीएस द्या, सोसायटीचा जनरेटर असेल तर त्या लाइनवर घ्या. लिफ्टवाल्या कंपनीला आधी कळवा, त्यांचं यंत्र फायबरच्या पोर्टवर चालतं का ते त्यांच्याकडून लेखी घ्या, नाहीतर ते सिमवालं यंत्र बसवून देतात तो पर्याय विचारा. फायर अलार्म किंवा चोरघंटा टेलिफोन लाइनवर असेल तर तेही तपासा. फॅक्स असेल तर तो फायबरवर धड चालत नाही, पानं अर्धवट येतात, त्याचा नाद सोडा.

आजीचा_नातू

फॅक्स आहे! सेक्रेटरींच्या कपाटावर, कोणी वापरत नाही. लिफ्टवाल्यांना उद्याच ईमेल टाकतो आणि त्यांचं उत्तर आल्याशिवाय लँडलाइनच्या सरेंडरच्या अर्जावर सही करू नका असं कमिटीला सांगतो. उत्तर आलं की इथेच लिहीन.